आईच्या छातीत टिकणारं औषध

अक्का, हुमनाबादच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आई खोकत होती आणि तू तिची पाठ चोळत होतीस. मी ट्रंक टपावर चढवून खाली आलो तर म्हणाली, "जायलास तर नीट जा. माझ्या खोकल्याकडं बघू नको, त्यो कुठं पळून जायलाय?" मला तिथल्या तिथं हसू आलं. गाडी सुटल्यावर मात्र रडलो, चांगला हुंदके देऊन.

आता या थंडगार देशात, प्रयोगशाळेत बसून, मी अंड्याच्या बलकातल्या चरबीचे डोळ्याला न दिसणारे बुडबुडे करतो. लायपोसोम म्हणतात त्यांना. त्यांत अँटिबायोटिक कोंडायचं, फवाऱ्यानं श्वासातून छातीत पोचवायचं आणि तिथं ते दिवसभर हळूहळू सुटलं पाहिजे. पण फवाऱ्याच्या जोरानं बुडबुडे फुटायचे नि सगळं औषध एकदम बाहेर! तीन वर्षं हेच चाललं. वैतागलो होतो नुसता.

हे काम कामून धरलं, तुला ठाऊक आहे. बिदरच्या डॉक्टरनं आईला कॅप्सूल दिल्या की निम्म्या ती समोरच्या शेवंताकाकूला द्यायची. काकूपण खोकते ना! "घरात आलेलं एकटीनं कसं खावं?" अगं, औषधाचासुद्धा वाटा? खोकला जरा दबायचा आणि पुन्हा दुपटीनं उसळायचा. मी चिडून केवढं पत्र लिहिलं होतं. मग ठरवलं, वाटताच येणार न्हाई असं औषध करायचं. छातीत गेलेला श्वास कसा वाटेल ती?

परवा बुडबुडे टिकले, अक्का. फवाऱ्यातून गेले, फुटले नाहीत, आणि उंदरांच्या फुप्फुसांत दिवसभर औषध झिरपत राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी साहेबांना विचारलं, माणसाला कधी देता येईल? म्हणाले, अजून दहा वर्षं तरी. त्याच दुपारी तुझं पत्र आलं, की आई आता भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपते.

दहा वर्षं तिच्याकडं न्हाईत. इथं मला खोली आहे, गरम पाणी आहे, चार लोक ओळखतात. तरी घर म्हटलं की मला आपल्या औरादच्या घरातला आईचा तो खोकलाच ऐकू येतो, आणि फार आठवण येते गं.

औषध येत न्हाई, मीच यायलोय. समोर बसून एकेक कॅप्सूल गिळायला लावीन. तू तेवढं शेवंताकाकूला डॉक्टरकडं ने, तिच्या वेगळ्या लिहून घे. म्हणजे आई आपल्या सगळ्या स्वतःच खाईल.