पाऊण वाजताची सावली

मला गप्प बसणारा वर्ग सहन होत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत बाकीचे शिक्षक मला चिडवतात, "बाई, हा वर्ग आहे की भाजी मंडई?" मंडईच आहे, मी म्हणते. तिथं माल हातात घेऊन बघितल्याशिवाय कुणी पिशवीत टाकत नाही.

सहावीच्या मुलांना मी दरवर्षी एक काम देते. पुस्तकातलं कुठलंही एक वाक्य निवडायचं आणि ते खरं आहे का, हे स्वतः बघायचं. मला विचारायचं नाही. यंदा एका टायरच्या दुकानदाराच्या मुलीनं निवडलं: सावली दुपारी बारा वाजता सर्वांत लहान असते. आमची शाळा सकाळची. सुटली की ही मैदानात क्रिकेटचा स्टंप रोवून, खडूनं खुणा करत उन्हात बसायची. माघ संपत आला होता आणि ऊन चटके देऊ लागलं होतं. एक दिवस धावत आली.

"बाई, बाराला न्हाय! पाऊण वाजता हुतीय. मी रोज बघितलोय की!"

"का गं?" मी विचारलं.

उत्तर शोधायला तिला आठवडा लागला. मग नकाशाच घेऊन आली. सगळ्या देशाचं घड्याळ एक, तेही पूर्वेकडच्या वेळेवर लावलेलं, पण सूर्य पूर्वेकडून येतो, त्याला कोल्हापूर गाठायला उशीर होतो. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. तिनं लिहिलं, "सध्या आपल्या कोल्हापुरात पाऊण वाजता." पेपर दुसऱ्या सरांकडे तपासायला होते. त्यांनी उत्तरसूची बघितली आणि लाल फुली मारली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटता सुटता तिचे वडील आले. आवाज असा की वरच्या मजल्यावरची मुलंही कठड्याला येऊन उभी राहिली.

"बाई, पुस्तकात बारा हाय, सर बारा म्हंत्यात, आन् ही घरात सांगतीया, सूर्याला उशीर हुतोय! सूर्य काय एस्टी हाय व्हय? फुडच्या वर्साला हिला दुसऱ्या शाळंत घालतो. तितं पुस्तकातलं तरी शिकवतील!"

मुलगी त्यांच्या मागं मान खाली घालून उभी होती. आता ही "चुकलं पप्पा" म्हणणार, अशी मला भीती वाटली. तिची बाजू मांडायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण मग ते उत्तर माझं झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "तिलाच विचारा की."

तिनं दप्तरातून खडू काढला. मग वडिलांचा हात धरून त्यांना मैदानात घेऊन गेली.

"पप्पा, हितं ताठ उभं ऱ्हावा. हलू नका."

बारा वाजले. तिनं त्यांच्या सावलीच्या टोकाशी खडूनं रेघ मारली. "झालं की आता," म्हणून ते निघाले, तर तिनं सदरा धरून ठेवला. एवढा धिप्पाड माणूस, भर उन्हात, घाम पुसत उभा. मध्येच फोन वाजला. "थांब रं जरा," ते खेकसले, "सावली बघतोय!" वरची मुलं खिदळली. मीही तोंडाला पदर लावला.

पण सावली सरकत होती. रेघ सोडून आत आली. पाऊण वाजता चांगली चार बोटं आत होती, आणि थोड्या वेळानं परत वाढायला लागली. ते वाकून त्या चार बोटांकडं बघत राहिले.

"सरांशी बोलते मी," मी म्हटलं, "गुण मिळेल तिला."

"मार्क ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. मग वडिलांकडं वळली. "पप्पा, फुडच्या खेपेलापण मी बारा लिहिणार न्हाय. चालंल न्हवं?"

नोकरीत माझे सत्कार झालेत, शाली मिळाल्यात. त्या क्षणाइतकी ताठ मी कधीच उभी राहिले नव्हते.

वडिलांनी कपाळावरचा घाम निपटला आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा त्याच आवाजात म्हणाले, "तू बघितलंयस न्हवं? मग तेच लिव्ह."