न्हाणीतलं मौन

देवाचं करायला निघालेल्या माणसाला देवानंच पाडावं, याचा अर्थ काय लावायचा? पुण्यात मुलाच्या घरी, सहाव्या मजल्यावरच्या खोलीत पाय लांब करून पडले होते, तेव्हा हा एकच प्रश्न मी बाळकृष्णाला विचारत होते. त्याची पितळी मूर्ती सुनेनं मुद्दाम गावाकडून आणून माझ्या उशाशी ठेवली होती. मूर्तीकडे पाहावं लागू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपायची. भक्ती करणाऱ्या बाईनं असं लिहू नये, पण झालं ते असं झालं.

आधीची हकीकत सांगते. आमचं घर देवगाव फाट्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाबाहेरच्या नव्या वस्तीत आहे. नवी म्हणायची इतकंच, तिथली माणसं सगळी जुनी झाली. माझे यजमान शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर हौसेनं हे घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत मला एकटीला त्यात ठेवून ते गेले. मुलं सगळ्यांचीच पुण्याला नाहीतर संभाजीनगरला. मागे राहिलो ते गुडघ्यावर हात ठेवून उठणारे. माझ्या शेजारी गयाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेली आणि माझ्यासारखीच एकटी. ती पौर्णिमेला विहारात वंदनेला जायची, मी रोज बाळकृष्णाला न्हाऊ घालायची, आणि दुपारचा चहा दोघींचा एकाच पातेल्यात व्हायचा. रस्त्याच्या पलीकडे दगडूमामा राहायचे. मामी गेल्यापासून ते जवळजवळ बोलायचेच नाहीत आणि कानांनीही त्यांना बरीच रजा दिली होती.

मुलाचा लकडा एकच, आई तू तिथं एकटी राहू नकोस. माझं उत्तरही एकच, हातपाय चालतात तोवर मला माझ्या दारात राहू दे. एकदा त्यानं फारच पिच्छा पुरवला तेव्हा मी रागाच्या भरात बोलून गेले की ज्या दिवशी पडेन त्या दिवशी ये आणि खुशाल घेऊन जा. तो शांतपणे म्हणाला, ठरलं तर मग. फोन ठेवल्यावर मला कळलं की आपल्या हातानं आपण काय लिहून दिलं. त्या दिवसापासून मी पडण्याला मरणापेक्षा जास्त भ्यायला लागले.

त्या वर्षीच्या चातुर्मासात मी मौनाचा नेम धरला होता. सकाळी डोळे उघडल्यापासून आंघोळ, पूजा आणि तुळशीला पाणी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सासूबाईंचा हा नेम होता. कार्तिकात व्रत पुरं झालं की देवळाला घंटा वाहायची अशी रीत, आणि मी जिंतूरहून घंटा आणूनही ठेवली होती. गयाबाई सगळ्यांना सांगत फिरायची की मास्तरीणबाईंचं तोंड सकाळी बंद असतं म्हणून दुपारी दुप्पट चालतं. ते खोटं नव्हतं.

श्रावणातली झडीची सकाळ होती. आमची न्हाणी अंगणात, पत्र्याच्या दाराची. घरात दुसरं कुणी नसताना आतून कडी घालायची सवय मात्र सुटलेली नव्हती. आंघोळ उरकली, साडी अंगाभोवती घेतली आणि वळताना शहाबादी फरशीवर पाय सटकला. मांडीच्या वर काहीतरी मोडलं हे मला आतून कळलं. कळ इतकी होती की डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तोंडातून आवाज काढला नाही. ओठ दातांखाली धरून तशीच पडून राहिले. हात लांब केला तर कडी वीतभर वर राहायची.

थोड्या वेळानं गयाबाईची चाहूल लागली. ती शेताकडे निघाली होती, चपलेला चिखल लागल्यावर तिचा पाय कसा वाजतो ते मला पाठ होतं. माझ्या भिंतीला लागूनच ती गेली. एक हाक पुरली असती. मी मारली नाही. व्रत मोडेल ही भीती होतीच, पण त्याच्या आडून दुसरी भीती बसली होती. हाक मारली की चारचौघांना कळणार, मुलाला कळणार, आणि मग माझं घर संपलं. कसंतरी सरपटत आत जाऊ, दोन दिवस पडून राहू, कुणाला काही कळायचं नाही, असा हिशेब मी मोडक्या पायानं करत होते. म्हातारपणी बुद्धी नाठी होते म्हणतात ती अशी.

गयाबाई शेतातून परतली तीही तशीच निघून गेली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. ओल्या फरशीनं अंग काकडून गेलं, दात वाजायला लागले, आणि पाय तर आपला वाटेनासाच झाला. तेव्हा कुठे मला खरी भीती वाटली. इथंच संपले तर वास सुटल्यावर लोक दार तोडतील, हे डोळ्यांपुढे आलं आणि मनातल्या मनात मी बाळकृष्णाला वाटेल ते बोलले. इतकी वर्षं तुला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, म्हटलं, त्याचं हे फळ का? तो काय उत्तर देणार. मी रडत होते तेही आवाज न करता.

मग रस्त्यावरून एका पुरुषाचा आवाज आला, अनोळखी. दगडूमामांना तो विचारत होता की इकडे म्हैस दिसली का, काळी, एक शिंग वाकडं असलेली. मामांना ऐकू गेलं नसावं. तो माणूस पावसाच्या आडोशाला माझ्या भिंतीपाशी येऊन थांबला आणि दमलेलं माणूस बोलतं तसा स्वतःशीच बोलायला लागला.

"रोज हाक मारली की वरडती. आज पहाटपसनं धुंडायलोय, ओ देईना. ओच देईना तर मानसानं शोधावं तरी कुठं?"

तो म्हशीबद्दल बोलत होता. हे मला तेव्हाही कळत होतं, आताही कळतं. पण माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, आपण इतका वेळ बाळकृष्णाला विचारतोय की तू का येत नाहीस, आणि तो दारावरून हाका मारत हिंडतोय. याहून जास्त मला काही सांगता येणार नाही. नेम मोडावा असं मी ठरवलंही नाही. माझ्या तोंडून आपोआप "ओ" निघाली. आवाज बारीक होता म्हणून पुन्हा दिली, मग पुन्हा दिली.

तो धावत दाराशी आला. दारावर हात ठेवून आधी त्यानं विचारलं, "माय, अंगावर कापड हाय का? हाय म्हनाल तरच दार काढतो." मी हो म्हटल्यावर त्यानं पत्रा उचकटला, तोंड बाजूला करून आपला पंचा माझ्यावर टाकला आणि वस्ती गोळा केली. कुणाची तरी जीप आली, तोही बरोबर बसला. आधी जिंतूर, तिथून परभणी. ऑपरेशन झालं, पायात सळई बसली.

दवाखान्यात गयाबाई भेटायला आली. स्टुलावर बसून माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मी जाताना यताना तुमच्या भितीजवळनं गेले. तुमी आत जित्या व्हत्या. मला हाक मारावी वाटली न्हाई तुमाला?" व्रताचं कारण माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून गिळलं.

शब्दाप्रमाणे मुलानं मला पुण्याला नेलं. सून गुणाची, कशाला उणं नव्हतं. पण हातात चहा आयता, पाणी आयतं, आणि खिडकीतून पाहिलं तर खाली चालणाऱ्यांचे नुसते माथे. पायाला बळ येत होतं आणि माझं मन रोज थोडं थोडं विझत होतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, आजी, चालायचं कशासाठी ते ठरवा म्हणजे चालाल. मला कशासाठी ते माहीत होतं, बोलायची सोय नव्हती.

शेवटी बोलली ती गयाबाई. तिनं मुलाला फोन करून सांगितलं की न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसव, फरशी काढून खडबडीत कर, कडी काढून टाक, आणि आईला पाठवून दे. रोज सकाळी मी हाक मारीन, ओ आली नाही तर सरळ आत शिरेन. आठवड्यानं गावी जाऊन मुलानं स्वतः मिस्त्री उभा करून सगळं करून घेतलं आणि मला आणून सोडलं. जाताना म्हणाला, गयामावशींच्या भरवशावर सोडतोय.

तेव्हापासून वस्तीत ही पद्धत पडली. उठल्या उठल्या गयाबाई मला हाक मारायची, मी ओ द्यायची, मग मी वॉकर घेऊन फाटकापर्यंत जाऊन दगडूमामांना हाक मारायची. त्यांना तीनदा मारावी लागायची. ते ओ देत नसत, दारात येऊन हात वर करत. मौनाचा नेम सुटला तो सुटलाच. घंटा मात्र मी देवळाला वाहिली, मोडलेल्या व्रताची म्हणून.

चालता यायला लागल्यावर आम्ही दोघी एसटीनं त्या म्हैसवाल्याच्या गावी गेलो. मला वाटलं होतं, तो भेटणारच नाही. भेटला. साधा माणूस, गोठ्यात बसलेला. गोठा रिकामा होता. म्हैस सापडली का विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "न्हाई माय. त्या दिशी तुमच्यासंगं दवाखान्यात गेलो, तवर पानी लय झालं, माग पुसून गेला." त्याच्या बायकोनं आम्हाला काळा चहा दिला. ती रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. माझ्यावर झालेली कृपा कुणाच्या तरी गोठ्यातून आली होती, आणि हे कसं फेडायचं ते देवानं मला अजून सुचवलेलं नाही. माझ्या प्रार्थनेत त्याचं घर मात्र रोज असतं.

गेल्या माघात एका सकाळी गयाबाईची हाक आली नाही. मी वाट पाहिली, मग वॉकर घेऊन तिच्या दाराशी गेले आणि मी हाका मारल्या. दार नुसतं लोटलेलं होतं, तसं आमचं ठरलंच होतं. ती पांघरुणात कुशीवर होती, झोपेतच गेली होती. अंग गार पडलं होतं, पण एकटी फार वेळ पडून राहिली नाही, एवढं मला तिच्यासाठी करता आलं. तिचा हात हातात घेऊन लोक येईपर्यंत मी तिथंच बसले.

मुलगा आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या शेजारी बसून म्हणाला, "आई, आता तुला हाक कोण मारणार?" त्याचं चुकत नव्हतं. मी बाळकृष्णाला म्हटलं, मला राहायचं आहे, पण आता हट्ट करत नाही. न्यायचं असेल तर ने. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच मी मनापासून म्हटलं असेन. शरण जाणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं मी समजत आले होते. तसं नव्हतं. आपल्याला कुणाची तरी गरज आहे हे मोठ्यानं कबूल करायचं, आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, एवढंच होतं ते. सकाळी बॅग भरायला घेतली.

कपड्यांच्या घड्या घालत होते तेवढ्यात बाहेरून काठीचा आवाज आला. फाटकाशी दगडूमामा उभे होते. रस्ता ओलांडून यायला त्यांना किती वेळ लागला असेल देव जाणे. वर्षानुवर्षं न वापरलेल्या घोगऱ्या आवाजात त्यांनी हाक मारली, "मास्तरीणबाई!"

हातातली साडी तशीच धरून मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली. मुलगा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं माझ्या हातातली साडी हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "आई, मामा थांबलेत. ओ दे."

मी दिली. मामांना ती ऐकू आली नसणार, म्हणून मुलानं दारात जाऊन हात वर केला.

त्या दिवशी बाळकृष्णाची आंघोळ उशिरा झाली. हात जोडले, पण मागण्यासारखं काही सुचलं नाही, नुसतं रडू आलं. दुपारच्या गाडीनं मुलगा एकटाच पुण्याला गेला.