जपानी गाणं रितीत कुठं बसतं?

आमच्या घरात तांदूळ वर्षभर कधी पुरला नाही. नागली-वरीवर दिवस निघायचे, तेही दुसऱ्याच्या शेतात राबून. तरी जामसरमध्ये कुणाची हळद असली की निरोप आमच्या दारात यायचा, कारण माझ्या थोरल्या बहिणीसारखा, अक्कासारखा गळा गावात दुसरा नव्हता. मग विहिरीच्या कामावर दरड कोसळून तिचा नवरा गेला. अक्का माहेरी परतली आणि निरोप बंद झाले. विधवेनं हळदीच्या मांडवात यायचं नाही, तिथली गाणी म्हणायची नाहीत, ही रीत. कुणाला सांगावंही लागलं नाही... ती आपणहून गप्प झाली. वडील आधीच गेलेले. अक्का मजुरीला जायची आणि मी जव्हारच्या कॉलेजात. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि ती अक्काच्या जिवावर, हे मी ताठ मानेनं सांगते.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. "बाय, आपली अक्का गेली," एवढंच बोलला. मी ठाण्यात, शिकवते त्या शाळेच्या व्हरांड्यात होते. समोर पोरांची प्रार्थना चालू होती, आणि मला एकही शब्द ऐकू येईना.

हाच मामा पूर्वी भिवंडीला भंगाराच्या गोदामात हमाली करायचा. मी बी.ए.ला असताना त्यानं एक जुना टेपरेकॉर्डर आणला. आत कॅसेट अडकलेली. "बटन दाबलं की बाई गाते, फुकट!" म्हणाला. कॅसेटवरची अक्षरं मी कॉलेजात सरांना दाखवली. ते म्हणाले, जपानी आहेत, आणि गाणी त्यांच्या तरुणपणातली वाटतात. मऊ गिटार, मागे पितळी वाद्यं, आणि एका बाईचा निवांत आवाज. शेजारची काकी टोमणा मारायची, "अक्के, तुझी जपानीण हसते का रडते गं?"

"हसत हसत रडते, काकी. तुला नाय कळायचं."

अक्का भात झोडताना ती गाणी गुणगुणू लागली, मग मोठ्यानं म्हणू लागली. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. मला वाटतं, म्हणूनच ती तिला चिकटली. आमच्या गाण्यात शब्दाशब्दावर कुणाचा तरी हक्क... सवाशिणीचा, नवरीचा, आईचा. त्या परक्या, जुन्या गाण्यावर कुणाचाच नव्हता. तिथं ती विधवा नव्हती.

माझ्या हळदीला अक्का रीतीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मांडवातल्या बायकांना दोन कडव्यांपुढं येईना. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. काकी म्हणाली, "आता काय मुक्यानं हळद लावायची?"

दारातून अक्का बोलली, "मी म्हणू?"

कुणीतरी पुटपुटलं, "रीत नाय, बाय."

"हळदीचं नाय म्हणत. जपानचं म्हणते. जपानी गाणं रितीत कुठं बसतं, सांगा मला!"

आधी काकी हसली, मग सगळा मांडव. अक्का गायला लागली आणि काकीनं तिला हाताला धरून आत ओढली. गाणं संपलं कधी आणि त्याच दमात हळदीची ओवी सुरू झाली कधी, कळलंच नाही. कुणी थांबवलं नाही. गाता गाता तिनं मलाही हळद लावली.

मग अक्काला छातीचं दुखणं आलं. नाशिकच्या दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा ती नुसती चाल गुणगुणत होती. "शब्द नसले की दम कमी लागतो, बाय," म्हणाली. मी बाहेर जाऊन रडून आले. तिला ते कळलंच असणार.

तिच्या दिवसांसाठी आले ती अजून गावीच आहे. परवा वरच्या आळीत हळद होती. आमच्याकडं दुखवटा, म्हणून मी गेले नाही, ओट्यावरच बसून राहिले. हळदीचं गाणं ऐकू आलं. आवाज त्याच आळीतल्या गोदाचा होता. गेल्या दिवाळीनंतर तिचा नवरा गेला होता. काकीनं नंतर सांगितलं, ती मांडवात मधोमध बसून गात होती. तिला कुणी उठवलं नाही.