शून्य नव्हे, रिकामं

तिचा डावा कान जन्मापासूनच बंद. कोणी बोलायला लागलं की ती मान तिरपी करून उजवा कान पुढे करायची, म्हणून वर्गातल्या मुलींनी तिला ‘तिरपी’ म्हणायला सुरुवात केली. चिडवायलाच. पण ही चिडेल तर ना! “हो, आहे तिरपी. सरळ असणाऱ्यांनी काय मोठे दिवे लावलेत?” असं ती ठसक्यात विचारायची. आई तिला गप्प करायला जायची आणि स्वतःच हसत सुटायची.

पुढे ती संगणकाचे प्रोग्राम लिहायला लागली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खोलीत टेबलांची एक लांब रांग होती. पहिल्याच दिवशी तिने डावीकडच्या भिंतीला लागून असलेली जागा पटकावली. भिंतीला बोलायचं नसतं, त्यामुळे तिचं काही अडत नसे. तिच्या उजव्या हाताला बसणारा जोडीदार बोलघेवडा होता. तो तिला ताई म्हणायचा आणि डबा तिच्या आधी संपवायचा.

त्या महिन्यात काम आलं होतं शाळकरी मुलांच्या कानांच्या तपासणीचं. तपासणीच्या यंत्रांकडून माहिती एक्सएमएल पद्धतीने यायची. नावं चिकटवलेले डबे मांडून ठेवावेत तशी ही पद्धत. डब्यावर लिहिलेलं असायचं ‘डावा कान’ आणि आत आकडा. प्रोग्रामने डबे उघडायचे, प्रत्येक मुलामागे एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या माहितीचा एक गठ्ठा तयार करायचं, आणि दोन कानांपैकी जो बरा, त्यावरून कोणाला श्रवणयंत्रासाठी बोलवायचं ते ठरवायचं. आकडा म्हणजे मुलाला ऐकू जायला लागणारा कमीत कमी आवाज. आकडा लहान, तर कान तिखट.

काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं. सकाळी तिरपी शेवटची नजर टाकत होती आणि एका मुलीच्या आकड्यांवर थबकली. उजवा कान बराच अधू. डावा शून्य.

“एवढा तिखट कान?” ती जोडीदाराला म्हणाली. “हिला शेजारच्या घरातली भांडणं पाठ असतील.”

तिने मूळ फाइल उघडली. तिथे शून्य नव्हतंच. ‘डावा कान’ लिहिलेला डबा होता, आत काहीच नव्हतं. मग तिने प्रोग्राम चाळला. रिकाम्या डब्यातून आकडा काढता येईना म्हणून प्रोग्राम मध्येच बंद पडत होता. त्यावर साहेबांनी स्वतः एक ओळ घातली होती: रिकामं असेल तर शून्य धरा.

ती तडक साहेबांच्या टेबलाशी गेली.

“साहेब, ती ओळ काढा.”

“का? तिच्यामुळेच तर चालतंय सगळं.”

“चालतंय, पण चुकीच्या रस्त्याने. रिकामं म्हणजे शून्य नाही.”

“अहो ताई, काहीच नाही म्हणजे शून्यच ना! संध्याकाळी काम द्यायचंय, उगाच फाटे फोडू नका.”

“मी हे काम देणार नाही.”

खोलीतले कीबोर्ड थांबले. साहेब चिडले की ताईची मॅडम होत असे.

“मॅडम, नोकरी तुमची आहे, हट्टही तुमचाच आहे. काय सांभाळायचं ते तुम्ही ठरवा.”

“दुपारपर्यंत थांबा. मग ठरवते.”

जेवणाच्या सुट्टीत ती न जेवता तपासणी केंद्रात गेली. कान तपासणाऱ्या बाईंना म्हणाली, “माझे कान तपासा आणि फाइल माझ्या हातात द्या.” बाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं. डाव्या बाजूला आवाज चढवत चढवत यंत्र शेवटाला पोचलं, तरी हिचा हात काही वर गेला नाही.

“सगळ्यात मोठा आवाजही ऐकू आला नाही, तर आमचं यंत्र ती जागा रिकामी सोडतं,” बाई म्हणाल्या. “आणि तपासलंच नसेल, तर डबाच पाठवत नाही.”

तिरपी जवळजवळ पळतच परतली. तिने स्वतःची फाइल साहेबांसमोर प्रोग्राममध्ये घातली. पडद्यावर आलं: डावा कान, शून्य. उत्तम. श्रवणयंत्राची गरज नाही.

“अभिनंदन, ताई!” जोडीदार म्हणाला.

“थांब. तुझा इयरफोन दे.” तिने एकच टोक डाव्या कानात खोचलं, उजव्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटून घेतले. “लाव गाणं. सुरू झालं की मी सांगते.”

त्याने गाणं लावलं. बाहेरपर्यंत बारीक चिरचिर ऐकू यायला लागली. कोपऱ्यातल्या मुलीने तर ठेकाही धरला. तिरपी शांत. गाणं संपलं.

“लावतोस ना रे?” तिने विचारलं.

साहेबांनी पुढे होऊन इयरफोन तिच्या कानातून काढला आणि स्वतःच्या कानाशी धरला. दुसरं गाणं सुरू झालं होतं.

“ज्याला थोडं कमी ऐकू येतं, त्याला तुमचा प्रोग्राम बोलावणार,” ती म्हणाली. “आणि ज्याला काहीच ऐकू येत नाही, त्याला शाबासकी देऊन घरी पाठवणार. मला नाही जमायचं. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही द्या.”

साहेब मनाचे वाईट नव्हते, घाईचे होते. ज्यांचं काम होतं त्यांना त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आज काम मिळणार नाही. चूक आमची आहे.” मग खुर्ची ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले. “सांगा, काय करायचं?”

“डब्यातलं आधी नुसतं मजकूर म्हणून वाचायचं. आकडा असेल तरच आकड्यात बदलायचं. रिकामं असेल तर ऑब्जेक्टमध्ये वेगळी नोंद: ऐकू आलं नाही. आकड्याची जागा तशीच रिकामी.”

साहेबांनी आपली ओळ आपल्याच हाताने पुसली. प्रोग्राम पुन्हा चालवला. त्या मुलीचं नाव बोलवायच्या मुलांत आलं. तिच्यामागून आणखी नावं येत राहिली, आणि साहेब चष्मा पुसत बसले.

“झालं समाधान?” त्यांनी विचारलं.

“अजून एक राहिलं. डबाच नसेल, तर तपासलंच नाही. त्या मुलांना परत बोलवायचं. त्याची तिसरी नोंद.”

“अहो, आता तरी जेवा! तुम्ही काही या जन्मात सरळ व्हायच्या नाहीत.”

तिरपीने लॅपटॉप मांडीवर घेतला, खुर्ची फिरवली, डावा कान साहेबांकडे केला आणि तिसरी नोंद लिहायला घेतली.