काजू नसलेलं दुकान

गोव्यातल्या लाटंबार्शात राहून पोरीला काजू बाधावा, याला काय म्हणायचं? आमच्या घरामागून डोंगर सुरू होतो आणि डोंगरभर काजूच. मार्च लागला की बोंडांचा वास घरात येऊन बसतो, अंगणाअंगणात बिया वाळत पडतात. माझी मुलगी दोन वर्षांची असताना कुणीतरी लाडाने तिच्या तोंडात भाजलेल्या काजूचा तुकडा घातला. ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, आणि डिचोलीच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. अॅलर्जी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढच्या खेपेला एवढ्यावर सुटणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून माझं काम एकच, नको म्हणणं. चवथीची नेवरी नको, देवळातला प्रसाद नको, शेजारच्या वाढदिवसाचा केक नको. जत्रेतलं खाजं तिला चाललं असतं, पण ते लाडवांच्या ढिगाला टेकून ठेवलेलं, म्हणून तेही नको. मी गावच्या मराठी शाळेत शिकवायचे, त्यामुळे नको म्हणायची सवय होतीच, पण शाळेतली पोरं घरी जातात. ही घरातच होती आणि दिवसातून दहादा माझं तोंड बघत होती.

डिचोलीचा बाजार मी पिंजून काढला. म्हापशाला गेले की तिथलाही. "यात काजू नाही" असं दुकानदार छातीठोकपणे सांगायचा आणि त्याच पळीनं शेजारच्या परातीतले काजूचे लाडू उचलायचा. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या मिळत, पण आत काय घातलंय ते कोण सांगणार? एका चॉकलेटनं तिच्या अंगावर गांधी उठल्या, तेव्हापासून त्याही बंद. कढई कुठली, तळण कशात, भुकटी कशाची, असं मी विचारत राहायचे. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, तुमका गोड व्हया काय दुकान इकत घेवचा आसा?" मला दुरून येताना पाहिलं की तो आत जायचा.

आणि मग आमच्या ह्यांना दुकान सापडलं. शोधलं नाही हां, सापडलं.

हे बार्जवर नोकरीला. आमच्याकडचं खनिज नदीनं मुरगाव बंदरात न्यायचं, मोठ्या बोटीत रिकामं करायचं आणि परत यायचं. घरी येणं आठवड्यातून एकदा, शनिवारी. तर बंदराजवळ एका दुकानाच्या आडोशाला हे विडी पेटवायला थांबले, आणि ते दुकान गोळ्यांचं निघालं. एक वयस्क ख्रिस्ती बाई मागच्या स्वयंपाकघरात स्वतः पाक करून गोळ्या पाडायची. कोकमाच्या, आल्याच्या, लिंबाच्या. काजू तिच्या घरात यायचाच नाही, कारण गोदीतली माणसं तिची गिऱ्हाइकं, त्यांना काजू घातलेलं परवडतंय कुठे! झालं. मी वर्षानुवर्षं बाजार पालथा घातला आणि ह्यांचं काम एका विडीत झालं.

ह्यांनी आधी स्वतः खाऊन बघितल्या, मग मी बघितल्या, मग जीव मुठीत धरून तिला एक दिली. काही झालं नाही. तिनं दुसरी मागितली. त्या शनिवारी मी देवापुढे दिवा लावला, हे खरं. पण पुढच्या शनिवारपासून माझं डोकं फिरायला लागलं, हेही खरं.

आठवडाभर तिला न्हाऊ घालणारी मी, वेणी घालणारी मी, लग्नाच्या पंगतीत तिच्या पानावर डोळ्यात तेल घालून बसणारी मी. आणि शनिवारी संध्याकाळी ही पोर जी पायरीवर जाऊन बसायची ती बाबा दिसेपर्यंत उठायची नाही. हे आले की कागदाची पुडी, मग मांडी, मग बंदराच्या गोष्टी. मी आतून चहा आणून ठेवायचे, त्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. शाळेत ती सगळ्यांना सांगायची, "माझे बाबा माझ्यासाठी दर्यावरनं गोळ्ये हाडतत." आई काय करते, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मला हेवा वाटायचा. नवऱ्याचा हेवा कसला करायचा, असं कुणी म्हणेल. केला, मनापासून केला.

एकदा मी स्वतः कोकमाच्या गोळ्या करून पाहिल्या. पाक दोनदा जळला, तिसऱ्यांदा जमला. तिनं एक चोखली, नीट विचार केला आणि म्हणाली, "बऱ्यो आसत. पण बाबांच्यो न्हय." उरलेल्या मी शाळेतल्या मुलांना वाटून टाकल्या.

ते कोकणी की मराठी, या राजभाषेच्या भांडणाचे दिवस होते. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या आणि एका शनिवारी हे आलेच नाहीत. पोर पायरीवर बसून राहिली. मी समजूत काढायला गेले तर म्हणाली, "तू जा, मी थांबतंय." त्या वेळी मी ठरवलं, हे दुकान आपण बघायचं.

रस्ते मोकळे झाल्यावर ह्यांना सुट्टी होती तेव्हा आम्ही तिघं निघालो. "कशाक ती दगदग?" हे म्हणाले. मी म्हटलं, कढई बघायची आहे. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं. देवाशपथ सांगते, तिथे काजूची एक तरी बरणी दिसावी असं मला वाटत होतं. ती दिसली असती तर पोरीचं जगातलं एकुलतं एक दुकान बंद झालं असतं, हे मला कळत होतं. तरी वाटत होतं. मांडवीचा पूल तेव्हा पडलेला होता. बेतीला फेरीबोट धरून पणजीला उतरलो, तिथून मुरगावची बस धरली, आणि सबंध वाटभर पोर बाबांच्या खांद्यावर.

दुकान म्हणजे एक खोली. फळीवर चारपाच बरण्या, मागे चूल, एकच कढई आणि तीही घासून लख्ख. मी न विचारता आत गेले, फडताळ उघडून पाहिलं, पळीचा वास घेतला. बाईनं उलट मला दिवा धरला. काजू नव्हता. मी हात पुसत बाहेर आले.

बाईनं मुलीपुढे बरणी धरली. "आनी कितें जायना तुका, बाय?"

"फकत काजू," मुलगी म्हणाली. "आमका दोघींका चलना नाय. माका आणि आईक. बाबांका चलता."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुकाय?"

मला काजू कधीच बाधला नाही. माहेरी मी ओंजळी भरभरून काजू खाल्लेत. पण ज्या हातानं हिला भरवायचं, ज्या तोंडानं हिचा पापा घ्यायचा, त्याला काजू लागू नये म्हणून मी तो सोडला होता. कुणाला सांगून सोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. हे बार्जवर खायचे, हातपाय तोंड धुऊन घरी यायचे. पोरीनं हे सगळं बघितलं-ऐकलं होतं आणि आपला हिशेब आपणच घातला होता. आजार आम्हा दोघींचा. बाबांना तो नाही. मी इतकी वर्षं जे नको नको म्हणत आले, ते तिच्या लेखी आम्हा दोघींनाच नको होतं.

"हो," मी बाईला म्हणाले. "माकाय चलना नाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गोळ्या घेतल्या, बस धरली, पणजीला उतरलो. पोर आता माझ्या शेजारी बसली होती. फेरीबोट सुटल्यावर हे घसा खाकरून म्हणाले, "गो, मी काजू सोडलंय तर?"

तिनं तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पण तुमका चलता मा, बाबा," ती समजुतीनं म्हणाली.

ह्यांचं तोंड उतरलं आणि ते पाण्याकडे बघत राहिले. कसं वाटतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एक शब्द मी बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मी बोलले नाही. पोरीला मांडीवर ओढून घेतलं आणि बेती येईपर्यंत सोडलं नाही.