घाटावरची तिसरी घंटी

आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये एक बैल बांधलेला आहे. तो मला सासऱ्यांनी दिला, वारल्यानंतर दहाव्या दिवशी.

परभणीच्या आमच्या कॉलनीत लोक विचारतात, साहेब, हे काय? मी हसून विषय बदलतो. बोलायची सवय मला पहिल्यापासून नाही. म्हणूनच आमची लेक केतकी पुण्याहून आली तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये एक खेळ टाकून दिला. म्हणाली, "बाबा, बोलत नाही तर निदान फिरा तरी." जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणी अनोळखी माणूस कुठंतरी डबी लपवतो, तिचा ठावठिकाणा फोनवर देतो, आणि आपण ती हुडकायची. आत एखादं बटण असतं, नाहीतर प्लास्टिकचा बेडूक. सापडली की खूश व्हायचं आणि परत तिथंच ठेवून यायची. (स्वतःच्या कपाळावरचा चष्मा ज्याला सापडत नाही, त्यानं हा खेळ खेळावा!) डबीजवळ गेलं की फोन वाजतो. आवाज आपण निवडायचा. मी बैलाच्या गळ्यातली घंटी निवडली. ही पहिली चूक.

सासरे, म्हणजे आबा, पेडगावचे. माझ्याबद्दलचं त्यांचं मत गावाला पाठ होतं. "जावई गुणाचा हाय, पर त्येच्या हातात काय देऊ नका." त्यांचा जीव दोघांत. एक लेक सुमन, म्हणजे माझी बायको, आणि दुसरा चिमण्या. चिमण्या हा बैल. नावावर जाऊ नका, दारात उभा राहिला तर घरात दिवा लावावा लागतो. म्हातारा झाला, औताला चालेना, तरी आबांनी तो विकू दिला नव्हता.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो. थंडीचे दिवस. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुकं असं, की पलीकडचा काठ कुणी पुसून टाकलाय. घाटाच्या वर काळ्या दगडांची जुनी घरं, बऱ्याच दारांना कुलपं, आणि भिंतींवर पुरांच्या रेघा, एकीवर एक. त्यातली वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. तिच्याकडं बघितलं की आपण पाण्याखाली उभे आहोत असं वाटे.

गुरुजींकडं सगळे चहाला गेले. अस्थींचं मडकं घेऊन कुणाच्या घरात जात नाहीत, आणि ते खालीही टेकवत नाहीत. मग बाहेर थांबायचं कुणी? माझा मेव्हणा दादाराव इकडं तिकडं बघत राहिला, आणि नाइलाजानं मडकं माझ्या हातात देऊन आत गेला.

गल्लीत मी, धुकं आणि आबा. खिशातला फोन काढून बघितला, तर डबी खालीच, घाटावर. आता सांगूनच टाकतो. मी गेलो. छातीशी आबा, हातात फोन. "आबा, हा आलोच," असं मडक्याला म्हणालोसुद्धा. जिवंतपणी मी त्यांच्याशी आपणहून एवढंही बोललो नव्हतो.

मधल्या पायरीशी भिंतीत एक कोनाडा होता. तिथं फोन वाजला, टिण, टिण. तो खिशात टाकून आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. बोटांना काहीतरी गार, ओलं लागलं आणि ते बाजूला सरकलं. पुढचं आठवत नाही. मडक्यासकट गल्लीत परत आलो होतो, एवढं खरं. फोन खिशात, खेळ तसाच चालू. ही दुसरी चूक.

"दाजी, थंडीत घाम?" दादारावानं विचारलं.

"आबा जड आहेत," मी म्हणालो.

घाटाच्या दुसऱ्या टोकाच्या पायऱ्यांनी उतरून अस्थी सोडल्या. गुरुजींनी पिंड मांडला तो नेमका त्याच मधल्या पायरीवर. आम्ही खाली पाण्याजवळ उभे राहिलो. कावळा येईना. शिवायचं राहू द्या, त्या धुक्यात कावळ्याचा आवाजसुद्धा नव्हता. दादारावानं हात जोडून सांगितलं, सुमीचं माहेर तुटू देणार नाही. काही नाही. सुमननं सांगितलं, तुमची काळजी मिटली, जावा. काही नाही. ती रडायला लागली.

तेव्हा आबांची बहीण, पोखर्णीच्या आत्याबाई, दादारावाला म्हणाल्या, "चिमण्याला इकणार न्हाई म्हण की रं."

दादाराव पायाकडं बघत राहिला. चिमण्याचा सौदा त्यानं कालच केला होता, हे आम्हाला तिथं कळलं.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "जावईबापू, तुमी वर जा. तुमचं आन् त्येचं कधी जमलं न्हाई. त्येच आडलं आसल."

मी पायऱ्या चढून पिंडाजवळ गेलो. टिण!

गुरुजींचा मंत्र थांबला. मी घाबरून दोन पायऱ्या खाली आलो. शांत.

"फिरून वर जा," आत्याबाई हळू म्हणाल्या.

टिण!

"चिमण्याची घंटी," त्या म्हणाल्या. "भाऊ जावयासंग बोलायलाय."

तिथंच फोन काढून दाखवायचा होता. पण मग मडकं घेऊन कुठं गेलो होतो तेही सांगावं लागलं असतं. मी खिशात हात घातला, चाचपून बटण दाबलं आणि फोन पुरता बंद केला. सुटलो, असं वाटलं.

आत्याबाईंनी धुक्याकडं तोंड केलं. "भाऊ, चिमण्याला कोन बघंल? दादा?"

काही नाही.

"मंग जावई?"

टिण.

खालून, पाण्याच्या अंगानं. खिशातला फोन मी मुठीत धरला होता, दगडासारखा गार. त्याच क्षणी धुक्यातून एक कावळा आला, पिंडाला शिवला आणि गेला.

एखादी शेळी असेल काठाला. असेलच. मी खाली जाऊन बघितलं नाही, आणि बघणारही नाही. शिवाय सुमन माझा दंड धरून म्हणत होती, "अवो, आबांनी शेवटी तुमच्या हातात काही तरी दिलं." एवढ्या वर्षांत तिचा चेहरा असा मी बघितला नव्हता. पहिल्या दोन घंट्या माझ्या होत्या, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. आता ती हे वाचेल. तिसरीबद्दल मात्र मला विचारू नये, एवढीच विनंती.

खेळ मी फोनमधून काढून टाकला. पण चिमण्या दावं तोडतो, त्यामुळं रोज सकाळी कॉलनीत हुडकणं चालूच आहे. खूण सोपी आहे. लोक बैलाला शिव्या देत असले तर अजून लांब आहे. मला देऊ लागले, की समजायचं, बरोबर ठिकाणी आलो.