बंद केलेला पंप

फ्रीजचं दार उघडं राहून टूं टूं वाजायला लागलं की अजूनही मी हातातलं टाकून धावते. नवरा म्हणतो, कंपनीला सांगून तो आवाजच बंद करून घे. त्याला काय सांगू?

आईच्या शेवटच्या महिन्यात आमच्याकडे तसाच वाजणारा एक सिरिंज पंप होता. पावाच्या लादीएवढा. त्यात मॉर्फिन भरलेली सिरिंज बसवायची, मग तो चोवीस तास थेंब थेंब औषध एका बारीक नळीतून आईच्या कातडीखाली सोडायचा. दुखणं असं अंगावर धावून यायचं थांबलं. आई परत माणसांत आली, भाजीत मीठ कमी म्हणून मला बोलू लागली. औषध संपत आलं की पंप वाजतो; पण ती वेळ यायच्या आतच रोज सकाळी सिस्टर येऊन सिरिंज बदलायची.

दिवसा आईजवळ बाबा असायचे. डिचोलीच्या खाणीत त्यांनी जन्मभर पाणी उपसायचा पंप सांभाळला. त्यामुळे या एवढ्याशा यंत्रावरही त्यांनी हक्क सांगितला. तासातासाला कान लावून बघायचे आणि "चलता मरे" म्हणून समाधानाने बसायचे. आई माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची.

त्या दिवशी धारगळला सिस्टरची स्कूटर बंद पडली. तिने मला म्हापशाला ऑफिसात फोन केला. म्हणाली, "यायला संध्याकाळ होईल. घरी सांगून ठेवा, पंप वाजला तर लगेच मला कळवा, मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते." मी हो म्हटलं, फाईलीत डोकं घातलं आणि साफ विसरले.

चारला घरी आले. पंप गप्प होता. आईच्या खालच्या ओठावर दातांचे वण होते, रक्त सुकलेलं. बाबा खुशीत होते. "वाजाक लागलो. कोरडो चललो तर जळतलो, म्हणान बंद करून ठेवलंय." खाणीत तेच बरोबर होतं.

मी सिस्टरला बोलावलं. औषध परत सुरू झाल्यावर, बाबा बाहेर गेलेले बघून आई म्हणाली, "तेका सांगू नको हां. तेच्या जीवाक लागतलां." आठवड्याने ती गेली. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आईचा शब्द पाळते आहे, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे तो शब्द माझ्या सोयीचा होता. त्यात माझा विसरलेला निरोपही झाकला जात होता.

गेल्या महिन्यात वरच्या वाड्यावरच्या काकींना तसाच पंप लागला. त्यांच्या सुनेने बाबांना बोलावणं धाडलं, अनुभवी माणूस म्हणून. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. जाता जाता मला म्हणाले, "वाजलो की आदी बंद करूचो, तां तिका शिकवन येतंय."

मी दारात आडवी उभी राहिले.

"बाबा, तो बंद करूचो नसता. वखद सोपत इलां म्हणान वाजता तो. बंद केलो तर दुखणां परत येता." आणि एकदाचं बोलायचंच तर सगळं बोलले. सिस्टरचा फोन, माझा विसर, आईचा ओठ.

बाबा पायरीवर बसले.

"कितको वेळ दुखलां असतला तिका?"

"अर्धो तास," मी म्हटलं. एवढं सगळं खरं सांगून तिथे मात्र जीभ वळली नाही.

"मी बारांक बंद केलंलंय. तू चारांक इलंस."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"त्या दनपारां तिना माझो हात घट धरून ठेवलेलो," बाबा म्हणाले. "कधी धरी नाय ती. माका वाटलां, म्हातारपणात माया इली. मगे मीच सोडवन घेतलंय. चाय करूक."